जपानी टीव्हीवरचा परदेशी चेहरा: खुर्ची मिळते कशी, टिकते कशी

टोकियोतली सकाळची गर्दी. स्टेशनातून बाहेर पडलेली माणसं मान खाली घालून ऑफिसच्या दिशेने निघालेली. तेवढ्यात एक सावळा परदेशी माणूस माइक पुढे करून आडवा येतो आणि चक्क इंग्रजीत काहीतरी विचारतो. कुणी कसंनुसं हसतं, कुणी हात हलवून 'नको नको' करतं, कुणी सरळ पळत सुटतं. निप्पॉन टीव्हीच्या 'झूम इन!! आसा!' या सकाळच्या कार्यक्रमात हा तुकडा १९७९ ते १९९४ इतकी वर्षं लागायचा. माइकवाले गृहस्थ होते अँटन विकी, मूळचे श्रीलंकेचे. टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, समुद्रजीवांचे अभ्यासक. म्हणजे चांगले विद्वान. पण देशाला ठाऊक झाले ते सकाळी सकाळी गाठणारे 'विकी-सान' म्हणून.

नावाला तो इंग्रजीचा धडा होता. लोक बघायचे ते मात्र पळणाऱ्याची फजिती. शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी घोकलेल्या माणसाला ऐन वेळी दोन वाक्यं सुचत नाहीत, हे अख्ख्या देशाचं दुखणं होतं आणि त्यावर रोज सकाळी हसता येत होतं. जपानी टीव्हीवर परदेशी माणूस का लागतो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कार्यक्रम त्याच्या नावाचा असला तरी विषय बहुतेक वेळा जपानी माणूसच असतो.

उरलेलं निम्मं उत्तर जरा अडचणीचं आहे. या क्षेत्रात परदेशी माणसाला पहिलं काम मिळतं ते त्याच्या परकेपणावर. पण हे भांडवल वापरलं की झिजतं. तो जितकी वर्षं राहतो, जितकं चांगलं बोलायला लागतो, तितकं त्याचं नवल ओसरतं. सुरुवातीला 'अरे वा, किती छान बोलतो!' म्हणणारे लोक पाच वर्षांनी म्हणतात, 'बोलणारच की, इतकी वर्षं राहतोय.' म्हणून इथे करिअर करणं म्हणजे हे भांडवल संपायच्या आत दुसरं काहीतरी उभं करणं. ज्यांना ते जमलं त्यांची नावं आज चाळीस वर्षांनीही लोकांना आठवतात. ज्यांना नाही जमलं ते दोन हंगामांत गडप झाले.

आधी धंदा समजून घेऊ

जपानमध्ये 'तारेंतो' नावाचा एक स्वतंत्र पेशाच आहे. हा माणूस गायक असेलच असं नाही, नट असेलच असं नाही, पत्रकार तर नसतोच. टीव्हीवर येऊन बसणं, बोलणं, खाणं, चकित होणं, टोमणा मारणं आणि खाणं, हे त्याचं काम. हे वाचून हसू येईल, पण यात मेहनत भरपूर आहे.

जपानी व्हरायटी शोचा पडदा एकदा नीट बघा. मधोमध आधी चित्रित केलेली फीत चालू असते: कुठल्यातरी गावातली नूडल्सची खानावळ, नाहीतर परदेशातलं लग्न. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात स्टुडिओत बसलेल्यांचे चेहरे आळीपाळीने दिसतात. खिडकीत आपण कोणत्या क्षणी दिसू हे बसलेल्याला माहीत नसतं. त्यामुळे तासन्‌तास चेहरा जागा ठेवावा लागतो. नूडल्स उचलल्या की डोळे मोठे, आजीबाई रडल्या की ओठ मिटलेले. स्टुडिओत पायऱ्यापायऱ्यांची बैठक असते, वरच्या ओळीत नवखे, खाली पुढे मातब्बर. परदेशी पाहुणा साधारण वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो.

पडद्यावरची अक्षरं हा आणखी एक प्रकार. जपानी कार्यक्रमांत बोललेलं प्रत्येक रंगतदार वाक्य ठळक रंगीत अक्षरांत खाली उमटतं. इथे एक बारीक गंमत केली जाते. जपानी माणसाचं वाक्य नेहमीच्या मिश्र लिपीत येतं. परदेशी माणसाचं अडखळतं वाक्य मात्र पुष्कळदा नुसत्या काताकाना लिपीत लिहिलं जातं. ही लिपी परदेशी शब्दांसाठी वापरायची. बोललेलं तेच, पण वाचताना ते आपोआप परकं आणि तुटक वाटतं. म्हणजे पाहुण्याचा परकेपणा थोडा तो स्वतः आणतो आणि थोडा संकलनाच्या टेबलावर घडवला जातो.

तयारीही आधीपासून चालते. चित्रीकरणापूर्वी पाहुण्याकडून एक प्रश्नावली भरून घेतात. तुमच्या देशात पावसात लोक छत्री का वापरत नाहीत? सासू-सुनेची भांडणं होतात का? जपानमध्ये आल्यावर सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला? उत्तरांवरून लेखकमंडळी कार्यक्रमाचा सांगाडा बांधतात आणि सूत्रसंचालक ठरल्या जागी ठरलेल्या माणसाकडे वळतो. 'आमच्याकडे प्रांताप्रांतात वेगळं असतं' हे खरं उत्तर इथे निरुपयोगी. 'आमच्याकडे सगळेच असं करतात' हे उत्तर उपयोगी. एका माणसाने अख्ख्या देशाचं प्रतिनिधित्व करायचं, तेही वीस सेकंदांत. प्रामाणिक माणसाची इथे पहिली कुचंबणा होते.

त्यात भर म्हणजे 'क्यारा', म्हणजे पडद्यावरचा ठरीव स्वभाव. जपानी विनोदात दोन भूमिका पक्क्या असतात: एक बावळटपणा करणारा बोके, दुसरा त्याला लगेच टोकणारा त्सुक्कोमी. आपल्या वगात सोंगाड्या उलटसुलट बोलतो आणि समोरचा त्याला फटकारतो, तसंच काहीसं. नवख्या परदेशी माणसाला बोकेची जागा आयती मिळते, कारण चुकणं त्याला शोभतं. त्सुक्कोमी व्हायला मात्र भाषेचा वेग लागतो, आणि दुसऱ्याला टोकायचा अधिकारही कमवावा लागतो. माझ्या मते परदेशी तारेंतोची खरी बढती इथेच कळते: लोक त्याच्यावर हसतात, की तो ज्याच्यावर बोट ठेवतो त्याच्यावर हसतात.

टीव्हीच्याही आधीचा एक जण

परदेशी माणसाने जपानी भाषेत जपान्यांना हसवण्याचा धंदा टीव्हीबरोबर सुरू झाला असं वाटत असेल, तर हेन्री ब्लॅकचं नाव घ्यावं लागेल. १८५८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला जन्मलेला हा मुलगा लहानपणी जपानला आला. वडील वृत्तपत्रवाले. पोरगा पुढे राकुगोकार झाला, म्हणजे गादीवर बसून एकट्याने सगळी पात्रं उभी करत गोष्ट सांगणारा. 'काइराकुतेई बुराक्कु' या नावाने तो मेइजी काळातल्या टोकियोत गाजला आणि जपानी नागरिकही झाला. १९०३ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी जपानला आला, तेव्हा कलाकार जमवून द्यायला ब्लॅकच पुढे होता. हाच गेसबर्ग त्याच्या थोडंच आधी, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करून आला होता. आपल्याकडच्या पहिल्या तबकड्या आणि जपानच्या पहिल्या तबकड्या अशा एकाच फेरीतल्या.

टीव्ही आला १९५३ मध्ये. सुरुवातीला घरोघर संच नव्हते. चौकात लावलेल्या संचांपुढे गर्दी लोटायची. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान या कुस्तीगिराने धिप्पाड कॅनडियन शार्प बंधूंना लोळवलेलं त्या गर्दीने पाहिलं आणि हरलेल्या देशाला हिरो मिळाला. हा हिरो जन्माने कोरियन होता. पण अधिकृत चरित्रात जन्मगाव नागासाकीकडचं सांगितलं जायचं आणि १९६३ मध्ये तो गेला तोवर सामान्य प्रेक्षकाला हे माहीत नव्हतं.

हे विसरून परदेशी तारेंतोंचा इतिहास सांगता येत नाही. जपानी करमणूकविश्वात कोरियन मूळ असलेले अनेक कलाकार जपानी नावाने वावरले. ज्याचा चेहरा वेगळा दिसतो त्याला परकेपणा विकता येतो. ज्याचा चेहरा वेगळा दिसत नाही त्याला तो झाकावा लागला. एकाच पडद्यावर दोन उलट नियम.

मिशनरी, वकील आणि बेनिनचा विद्यार्थी

ऐंशीच्या दशकात पैसा खुळखुळत होता आणि 'आंतरराष्ट्रीय व्हायचं' ही सरकारी घोषणाच होती. १९८३ मध्ये 'सेकाई मारुगोतो हाउ मच' हा किमती ओळखण्याचा खेळ सुरू झाला. ओहाशी क्योसेन सूत्रसंचालक, विनोदवीर बीट ताकेशी पाहुण्यांत. त्यातून केंट गिल्बर्ट हा अमेरिकन वकील आणि चक विल्सन हा व्यायामवीर घरोघर पोहोचले. त्याच काळात केंट डेरिकॉट नावाचा कॅनडियनही गाजला. हे दोन्ही केंट आधी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी म्हणून जपानला आलेले. हा योगायोग समजू नका. मिशनरी पोरगा रोज अनोळखी दारं वाजवतो, दार तोंडावर आपटलं तरी हसतो, आणि पुस्तकातली नव्हे तर ओट्यावरची भाषा शिकतो. व्हरायटी शोसाठी याहून चांगली शाळा कुठे मिळणार!

डॅनिएल काल या कॅलिफोर्नियाच्या तरुणाने वेगळाच हुकमाचा पत्ता काढला. १९८१ मध्ये तो ईशान्येकडच्या यामागाता प्रांतात इंग्रजीच्या सहायकाचं काम करायला गेला आणि तिथली बोली उचलून आला. टोकियोच्या स्टुडिओत गोरा माणूस यामागाताच्या गावरान बोलीत बोलू लागला की लोक लोटपोट व्हायचे. पण ही नुसती नक्कल राहिली नाही. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तो मदतीचं सामान घेऊन त्या भागात गेला आणि परदेशी वाहिन्यांच्या अतिरंजित बातम्यांना इंग्रजी व्हिडिओंतून उत्तर देत राहिला. बोली त्याला कामाच्या जागी भेटली होती. तिचं देणं त्याने फेडलं असं म्हणायला हरकत नाही.

नव्वदच्या शेवटी हवा बदलली. तेजीचा फुगा फुटला होता, मंदी होती, आणि १९९८ मध्ये टीबीएस वाहिनीवर 'कोको गा हेन दा यो निहोन्जिन' आला. म्हणजे जपानी लोकांचं इथे चुकतंय, असा थेट पवित्रा. ताकेशी सूत्रधार, आणि समोर शंभराच्या आसपास परदेशी माणसं, सगळी जपानीत भांडणारी. आरडाओरडा फार, आणि तो मुद्दाम वाढवलेलाही असे. तरी घरभाडं नाकारणं, वंशभेद, शाळेतला जाच असे विषय त्या गोंगाटातून घराघरांत गेले. त्यातला झोमाहून रुफिन हा बेनिनचा विद्यार्थी, चीनमार्गे जपानला आलेला, तावातावाने बोलणारा. त्याच्या तावाचं हसू व्हायचं. पण पुस्तक निघालं, त्याच्या मानधनातून त्याने मायदेशी शाळा उभारली, तिला ताकेशीचं नाव दिलं आणि २०१२ मध्ये तो बेनिनचा राजदूत म्हणून टोकियोत रुजू झाला. पडद्यावर ज्याला आक्रस्ताळा म्हणून दाखवलं, त्याच्याशी परराष्ट्र खात्याला औपचारिक सुटात हस्तांदोलन करावं लागलं. मला या अख्ख्या इतिहासातला हा सगळ्यात मजेदार प्रसंग वाटतो.

बॉबी ओलोगुन हा नायजेरियाचा माणूस याच सुमाराला विनोदवीर आकाशिया सान्माच्या कार्यक्रमातून वर आला. जपानी भाषेत आदराच्या पायऱ्या फार काटेकोर. बॉबी त्या सगळ्या एका उडीत ओलांडायचा. सान्मासारख्या दिग्गजाला 'अरे तू' म्हटल्यासारखं बोलायचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर करिअर संपलं असतं. २००४ च्या ३१ डिसेंबरला त्याने के-वन या लढतींच्या स्पर्धेच्या रिंगणात उतरून सिरिल अबिदी या व्यावसायिक फ्रेंच किकबॉक्सरला हरवलं, तेव्हा तर कहर झाला. पण बावळटपणाच्या क्यारात अडचण अशी की भाषा सुधारलेली दाखवता येत नाही. वर्षानुवर्षं तेच तुटक बोलणं ऐकून प्रेक्षकांनाही शंका यायला लागते: हा खरंच असं बोलतो की कामापुरतं?

याच्या बरोबर उलट टोकाला डेव्ह स्पेक्टर. शिकागोचा, शाळकरी वयात जपानी वर्गमित्रामुळे भाषेची गोडी लागलेला, १९८३ मध्ये अमेरिकन एबीसी वाहिनीचा निर्माता म्हणून आलेला. त्याने अडखळण्याचं नाटक कधीच केलं नाही. उलट इतकं जपानी बोलला की लोक थट्टेने म्हणू लागले, हा अमेरिकन नाहीच, टोकियोशेजारच्या साइतामाचा आहे आणि केस रंगवतो. त्याचे शाब्दिक विनोद इतके टुकार असतात की टुकारपणा हीच त्याची सही झाली. पण गंभीरपणे बघण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. परदेशी चित्रफिती आणि मजकूर हाताळणारी स्वतःची कंपनी त्याने उभी केली. पडद्यावर विनोद, पडद्यामागे पुरवठा. वाहिन्यांना तो माणूस म्हणून जितका लागतो, तितकाच कामासाठी लागतो. चाळीस वर्षं टिकण्याचं गुपित विचाराल तर मी या कंपनीकडे बोट दाखवीन.

पॅट्रिक हार्लन, म्हणजे 'पाक्कुन', याची वाट जास्त शिस्तीची. हार्वर्डमधून धर्मांचा तौलनिक अभ्यास, १९९३ मध्ये फुकुई या आडबाजूच्या शहरात इंग्रजी शिकवणं, फावल्या वेळात हौशी नाटकं, मग टोकियो, आणि १९९७ मध्ये एका जपानी जोडीदाराबरोबर 'पाक्कुन माक्कुन' ही विनोदी जोडी. आधी जोडीच्या विनोदाची रीतसर हमाली, मग २००३ पासून एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर इंग्रजीचा कार्यक्रम, पुढे विद्यापीठात संवादकौशल्य शिकवणं, आता बातम्यांवर भाष्य. एक जागा जुनी व्हायच्या आत पुढची तयार.

आणि 'आत्सुगिरी जेसन'. आयटी कंपनीतला वरिष्ठ अधिकारी, नोकरी चालू ठेवून विनोदाच्या शाळेत गेलेला. २०१४ मध्ये तो पडद्यावर आला तो पांढरा फळा घेऊन. फळ्यावर एक आडवी रेघ: चीनी-जपानी चित्रलिपीत हा झाला एक. दोन रेघा: दोन. तीन रेघा: तीन. ठीक, समजलं! मग चार? चार रेघा असणार ना? तर नाही. एक चौकोन आणि त्यात दोन पाय. जेसन फळ्यावरून वळून ओरडतो, 'व्हाय, जॅपनीज पीपल!' वर्षभराच्या आत तो एकट्याने विनोद करणाऱ्यांच्या आर-वन स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता. विनोद चालला याचं कारण चिडचिड परक्याची वाटली तरी ती प्रत्येक जपानी पोराने पहिलीत केलेली असते. आणि रोख लिपीवर, माणसांवर नव्हे. २०२१ मध्ये त्याचं गुंतवणुकीवरचं पुस्तक तडाखेबंद खपलं. फळा बाजूला, पैशाचा सल्ला पुढे.

एक बाई, एक तान्हं मूल आणि देशभर वाद

हाँगकाँगची अ‍ॅग्नेस चॅन १९७२ मध्ये गायिका म्हणून जपानला आली. तिचं बोबडं जपानी गोड मानलं गेलं, आणि ती 'गोड मुलगी' म्हणून चिकटली. १९८७ मध्ये ती तान्ह्या मुलाला घेऊन टीव्हीच्या स्टुडिओत आली. मग काय, महिनोन्‌महिने रण पेटलं. कामाच्या जागी मूल आणणं हा आप्पलपोटेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांत लेखिका हायाशी मारिको होत्या; पाळणाघरं नसतील तर बायकांनी करायचं काय, असं म्हणत समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको बाजूने उभ्या राहिल्या. 'अ‍ॅग्नेस वाद' या नावाने तो आजही अभ्यासला जातो. वाद चालू असताना चॅन स्टॅनफर्डला शिकायला गेली आणि १९९४ मध्ये डॉक्टरेट घेऊन बसली. गोड मुलीला स्वतःचं मत असू शकतं, हेच बऱ्याच लोकांना पचलं नव्हतं असा माझा कयास आहे.

पैसा, एजन्सी आणि व्हिसा

टीव्हीवर दिसणारा माणूस टीव्हीतून गबर होतो हा गैरसमज. एका कार्यक्रमाचं मानधन नवख्याला बेताचंच असतं, त्यातला वाटा एजन्सी घेते. खरी कमाई जाहिरातींत, आणि मग कंपन्यांच्या कार्यक्रमांत, व्याख्यानांत. टीव्ही ही जाहिरातवाल्यांपुढे उभं राहायची जागा. म्हणून बदनामी इतकी महाग पडते: ब्रिटिश वडील आणि जपानी आई असलेली बेकी ही कमालीची लोकप्रिय तारेंतो २०१६ मध्ये विवाहित गायकाशी संबंधांच्या बातमीनंतर बघता बघता जाहिरातींतून आणि नेहमीच्या कार्यक्रमांतून नाहीशी झाली.

एजन्सीला 'जिमुशो' म्हणतात. काम आणणं, मानधन ठरवणं, पत्रकारांना तोंड देणं, सगळं तिच्याकडे. करार कधी तोंडीच. २०१९ मध्ये योशिमोतो कोग्यो या एजन्सीच्या काही विनोदवीरांनी एजन्सीला न सांगता भलत्या लोकांच्या मेजवानीत काम केल्याचं उघड झालं, तेव्हा इतक्या मोठ्या संस्थेत बहुतेकांशी लेखी करारच नाहीत हेही चव्हाट्यावर आलं. त्याच वर्षी जपानच्या स्पर्धा आयोगाने जॉनीज या बलाढ्य एजन्सीला ताकीद दिली. सोडून गेलेल्या कलाकारांना काम देऊ नये म्हणून वाहिन्यांवर दबाव आणल्याचा संशय होता. परदेशी माणसाला तर आधार म्हणूनही एजन्सी हवी आणि तिचाच जाचही.

व्हिसाचं प्रकरण रुक्ष, पण इथेच हौशी लोक अडकतात. कंपनीत इंजिनिअर म्हणून आलेल्याने शनिवारी टीव्हीवर जाऊन पैसे घेतले तर वेगळी परवानगी लागते. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येतं. करमणुकीचा खास व्हिसा असतो, पण तो कामाचा करार असलेल्याला, ठराविक मुदतीचा. जोडीदार जपानी असेल किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर ही सगळी कटकट नाही. परदेशी तारेंतोंच्या यादीत दीर्घकाळ राहिलेले, संसार थाटलेले लोक इतके का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे.

भारतीय चेहऱ्याला काय मिळतं

खरं सांगायचं तर फार नाही. भारतीय म्हटलं की करी, पागोटं, आणि हिशेबाची हुशारी. २००७ च्या सुमाराला 'भारतीय पद्धतीची आकडेमोड' शिकवणाऱ्या पुस्तकांची तिथे लाटच आली होती. हा साचा अमेरिकनांच्या साच्यापेक्षा अरुंद आहे, आफ्रिकनांच्या साच्यापेक्षा कदाचित सौम्य. काळ्या वर्णाच्या माणसांची थट्टा तिथे अजून सहज खपते: २०१७ च्या वर्षअखेरच्या लोकप्रिय कार्यक्रमात एक विनोदवीर चेहरा काळा करून एडी मर्फी बनून आला, परदेशातून टीकेची झोड उठली, आणि देशात बऱ्याच जणांना यात काय बिघडलं तेच कळलं नाही.

मराठी माणसाने जपानमध्ये सार्वजनिक नाव कमावल्याचं ठळक उदाहरण टीव्हीच्या बाहेरचं आहे. योगेंद्र पुराणिक, जन्म अंबरनाथचा, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आले. निशी-कासाई हे भारतीयांच्या वस्तीचं ठिकाण याच भागात. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. खुर्चीत बसून चकित होण्यापेक्षा मतदारांच्या दारात जाणं त्यांनी पत्करलं. ती वाट लांबची खरी, पण तिथे पडद्याखालची अक्षरं दुसरं कुणी लिहीत नाही.

दरम्यान टीव्हीचंच आसन डळमळतंय. देन्त्सू या जाहिरात कंपनीच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जपानात इंटरनेटवरच्या जाहिरातींचा खर्च टीव्हीच्या पुढे गेला. नव्या परदेशी पोरांना जिमुशोची वाट बघायची गरज राहिलेली नाही. यूट्यूबवर स्वतःच चालू पडतात. चॅनेल मात्र उघडून बघा: 'जपानमध्ये मला बसलेले धक्के', 'परदेशी माणूस पहिल्यांदा रामेन खातो'. प्रश्नावली तीच आहे, फक्त आता स्वतःच भरायची.

मला जास्त कुतूहल मालिकांचं आहे. एनएचकेच्या सकाळच्या मालिकेत २०१४ मध्ये 'मास्सान'साठी शार्लट केट फॉक्स या अमेरिकन नटीला घेतलं, तेव्हा त्या मालिकेच्या इतिहासात पहिल्यांदा परदेशी नायिका आली. २०२५ च्या शरदात सुरू झालेल्या 'बाकेबाके'त, जपानवर लिहिणाऱ्या लाफ्काडिओ हर्न या लेखकावर बेतलेली भूमिका टॉमी बास्टोने केली. त्याने वर्षानुवर्षं मेहनत करून जपानी शिकलेली. आणि भूमिका कुणाची, तर जपानला नुकताच उतरलेल्या, मोडकंतोडकं बोलणाऱ्या गृहस्थाची.